उभ्या जंगलाला दमडी नाही!

15 फेब्रुवारी ते 15 जून हा महाराष्ट्रात वणव्यांचा हंगाम. वन खात्याचे सगळे आगनियोजन याच चार महिन्यांभोवती फिरते. आणि या हंगामाच्या ऐन भरात, 31 मार्चला, राज्याची तिजोरी मागच्या वर्षाचा हिशेब मिटवते. न खर्चलेला पैसा परत ओढून घेते. नव्या वर्षाचा पैसा ‘बीम्स’ नावाच्या संगणक प्रणालीवर उमटेपर्यंत एप्रिल सरतो, कधी मेही सरतो. या दिवसांत मंत्रालयातल्या एखाद्या वित्ताधिकाऱ्याने गडचिरोलीतल्या आलापल्लीहून पेरमिली, ताडगाव मागे टाकत हेमलकशापर्यंत यावे. दोन्ही बाजूंना पाने झडलेला साग उभा असतो आणि त्याखाली वीतभर पाचोळा वाळून कडकडीत झालेला असतो. एक बिडी पुरते. वेळेवर साफ न झालेल्या जाळरेषेवर रान पुन्हा माजलेले असते, ब्लोअर असतो पण त्यात घालायच्या पेट्रोलचे बिल कोणाच्या नावावर टाकायचे हे ठरलेले नसते, आणि आग विझवायला धावणारा हंगामी मजूर मजुरीची वाट पाहून पाहून तेंदूच्या फडीवर निघून गेलेला असतो. उपग्रहाने टिपलेल्या आगींच्या यादीत गडचिरोलीचे नाव देशात वरच्या ओळींत येते, ते केवळ उन्हामुळे येते असे ज्यांना वाटते त्यांनी खुशाल वाटून घ्यावे. आमच्या मते या आगीला निम्मे सरपण मुंबईतून येते.

निधीकपात म्हटली की लोकांना अर्थसंकल्पाचे भाषण आठवते. तिथे कपात शोधायला जाणारा फसतो. भाषणात कपात कधीच नसते, भाषणात तरतूद असते. वन विभागाला इतके कोटी, पर्यावरण विभागाला तितके कोटी, बाके वाजतात, दुसऱ्या दिवशी आकडे छापून येतात. कात्री चालते ती नंतर, बंद दाराआड. तरतूद शंभराची, वितरण साठाचे, त्यातले वीस मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, आणि जे खर्चता आले नाहीत ते परत. मग वित्त खाते साळसूदपणे म्हणते, वन खात्याला पैसा खर्चताच येत नाही, पुढच्या वर्षी कमी देऊ! हात बांधायचे आणि जेवत का नाही म्हणून विचारायचे, असा हा प्रकार आहे.

एकदा मात्र सरकारने ही कात्री उघड्यावर आणली. 4 मे 2020 चा वित्त विभागाचा शासन निर्णय आठवा. करोनामुळे महसूल आटला, म्हणून विकास योजनांवर त्या वर्षीच्या तरतुदीच्या फक्त 33 टक्के पैसा मिळेल, असे त्यात लिहिले होते. नवी कामे बंद, नवी पदभरती बंद. सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, मदत व पुनर्वसन, अन्न व नागरी पुरवठा, अन्न व औषध ही खाती तेवढी अग्रक्रमाची. साथीच्या काळात दवाखान्याला आधी पैसा द्यावा, याबद्दल आमचे भांडण नाही. पण वणव्याला टाळेबंदी लागू नव्हती, शिकाऱ्याला नव्हती, वाघालाही नव्हती. जंगल राखणे हे काम पुढे ढकलता येते, ही समजूत त्या एका कागदाने राज्याच्या धोरणात ठोकून बसवली. वनरक्षकांच्या 2138 पदांची मोठी जाहिरात निघायला पुढे 2023 चा जून उजाडावा लागला. दिल्लीनेही हात आखडता घेतला तो याच सुमारास. व्याघ्र प्रकल्पांसाठी 2018-19 मध्ये सव्वातीनशे कोटींच्या आसपास रुपये देणाऱ्या केंद्राने 2020-21 मध्ये दोनशे कोटींचाही आकडा गाठला नाही. वाघ वाढले म्हणून पाठ थोपटून घेण्याच्या वेळी मात्र दिल्ली आणि मुंबई दोघीही पुढच्या रांगेत!

याची किंमत कोण मोजतो? 20 नोव्हेंबर 2021 रोजी ताडोबाच्या कोलारा गाभा क्षेत्रात एक महिला वनरक्षक वाघगणनेसाठी खुणा नोंदवत पायी चालली होती. सोबत तीन वनमजूर. समोर वाघीण. ती परत आली नाही. वाघाच्या रानात पायी उतरणाऱ्या बाईच्या हातात या राज्याने काय दिले होते, हा प्रश्न त्या आठवड्यात सगळ्यांनी विचारला, पुढच्या आठवड्यात कोणी विचारला नाही. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्याआधी, 2022 च्या ऑक्टोबरमध्ये, वडसा भागात जो वाघ अखेर पिंजऱ्यात आला त्याच्या नावावर तेरा माणसे होती. अशा प्रत्येक मृत्यूमागे सरकार आता 25 लाख रुपये देते. द्यावेतच. पण माणूस मेल्यावर 25 लाख मोजणारे हेच सरकार, तो मरू नये म्हणून गावात उभ्या राहिलेल्या प्राथमिक प्रतिसाद दलाच्या पोरांचे मानधन वेळेवर काढताना कुरकुरते. बायकांनी सरपणासाठी रानात जाऊ नये म्हणून 2015 मध्ये डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना निघाली, गॅस आला, शेताला सौर कुंपण आले. अनुदान संपले की टाकी स्वतःच्या पैशाने भरायची. ज्या घरात पावसाळ्याच्या तोंडावर मिठाला पैसे नसतात, तिथे ती टाकी कोपऱ्यात उभी राहते आणि बाई पुन्हा विळा घेऊन निघते. तेंदूच्या हंगामात तोंडाला पाने पुसण्याची सरकारची ही रीत चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांना आता चांगली पाठ आहे.

“पैसा नाही” हे सरकारचे उत्तर. हे उत्तर खोटे आहे. पैसा आहे, फक्त त्याची एक अट आहे. जंगल आधी पडले पाहिजे.

वनजमीन खाणीला, धरणाला, रस्त्याला दिली की प्रकल्पवाल्याकडून तिचे निव्वळ वर्तमान मूल्य वसूल करतात. 2022 च्या सुधारित दरांनी ते हेक्टरी सुमारे साडेनऊ ते सोळा लाख रुपये पडते. वर पर्यायी वनीकरणाचा खर्च वेगळा. हा सगळा पैसा कॅम्पा निधीत जमतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने असा साठलेला 47 हजार कोटींहून अधिक निधी राज्यांच्या हवाली केला, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला 3844 कोटी आले. तेव्हाच दिल्लीने बजावले होते की हा पैसा राज्याच्या वन अर्थसंकल्पाच्या वर आहे, त्याच्या जागी नाही. हे वाक्य मुंबईत कोणी वाचले की नाही, याची आम्हाला शंका आहे. कारण नियमित तरतुदीतून जे व्हायला हवे ते काम मागायला गेले की साहेबांच्या ओठावर पहिला शब्द येतो, “कॅम्पातून बघा.” म्हणजे गंमत पाहा. उभ्या जंगलाची राखण करायला दमडी नाही, आणि तेच जंगल कापले की त्याच्या तेराव्याला कोट्यवधी! उत्तराखंडात हा पैसा कुठे गेला ते महालेखापरीक्षकांनीच दाखवले: आयफोन, लॅपटॉप, फ्रीज, कूलर. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे म्हणतात ते याला.

आणि जंगल पडते आहेच. सुरजागडच्या डोंगरावरून 2007 मध्ये मिळालेल्या 348 हेक्टरच्या खाणपट्ट्यातून लोहखनिज निघते. वर्षाला तीस लाख टनांची मर्यादा 2023 मध्ये एक कोटी टनांवर गेली. 2025 च्या मे महिन्यात खनिज धुवून त्याचा कस वाढवणाऱ्या प्रकल्पासाठी आणखी 937 हेक्टर वनजमिनीला तत्त्वतः मंजुरी मिळाली. झाडांची मोजदाद सव्वा लाखाच्या घरात. ताडोबाहून इंद्रावतीकडे वाघ ज्या वाटेने जातो ती वाट याच रानातून आहे. मग जाहीर होते की गडचिरोलीत एक कोटी झाडे लावू. आधी जिल्ह्याचे जंगल तोडायचे, आणि राज्यातल्या सर्वांत जास्त जंगल असलेल्या जिल्ह्यात रोपे लावायला खड्डे खणायचे! ज्या राज्याने 2019 मध्ये 33 कोटी झाडे लावल्याचा डंका पिटला आणि पुढे त्याच झाडांची चौकशी विधिमंडळाच्या समितीकडे सोपवली, त्या राज्याने रोपांचे आकडे सांगताना थोडे तरी चाचरायला हवे. खैर, साग, ऐन, मोह, बांबू, खाली तेंदू आणि त्याच्या खाली वाळवी, असे जे रान शेकडो वर्षांत जमते ते नर्सरीच्या काळ्या पिशवीतून उगवत नाही. हे भामरागडच्या शाळेत जाणाऱ्या पोराला कळते.

आता या हिशेबातली खरी मेख. केंद्राचा करांचा पैसा राज्यांत वाटताना वित्त आयोग जंगल मोजतो. चौदाव्या आयोगाने त्याला साडेसात टक्के वजन दिले, पंधराव्याने ते दहा टक्क्यांवर नेले. ज्या राज्याकडे दाट जंगल जास्त, त्याला त्या प्रमाणात पैसा. महाराष्ट्राच्या वनाच्छादनाचा जवळपास पाचवा हिस्सा एकट्या गडचिरोलीत आहे, आणि दाट जंगल म्हणाल तर राज्याची पत तिथेच टिकून आहे. म्हणजे माडिया आणि गोंड आदिवासींनी, गावोगावच्या ग्रामसभांनी आणि तुटपुंज्या पगाराच्या वनरक्षकांनी राखलेले जंगल दाखवून महाराष्ट्र दिल्लीतून पैसा आणतो. तो कुठे जातो? भामरागडला किती पोहोचतो? हा आकडा एकाही अर्थमंत्र्याने आजवर विधानसभेत सांगितलेला आम्ही ऐकला नाही. दुभत्या म्हशीचा चारा तोडून दुधाचे पैसे मात्र मोजून घेणाऱ्या गवळ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते आम्ही छापू शकत नाही.

कोस्टा रिका नावाच्या चिमुकल्या देशाने 1997 पासून इंधनावरच्या करातून पैसा काढून उभे जंगल राखणाऱ्याला रोख द्यायला सुरुवात केली. त्याला कोणी विकासविरोधी म्हणाले नाही.

इथे मात्र तो शब्द तयार असतो. 10 मार्च 2025 ला मांडलेल्या राज्याच्या अर्थसंकल्पाचा आकार सात लाख कोटींचा होता. त्यात गडचिरोलीला ‘स्टील हब’ म्हटले गेले, आणि खनिज वाहून नेणाऱ्या महामार्गांच्या जाळ्यासाठी पहिल्या टप्प्यात सुमारे 500 कोटी रुपयांचा शब्द दिला गेला. रस्त्याला आमचा विरोध नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटते, गरोदर बाईला खाटेवर घालून आणावे लागते, हे जिल्ह्याने पिढ्यान्पिढ्या सोसले आहे. रस्ता हवा, पूल हवा, आधीच हवा होता. पण खनिजाच्या ट्रकसाठी जी तिजोरी पाचशे कोटींची भाषा करते, तीच तिजोरी जाळरेषेच्या मजुरीला हात लावताच खडखडाट करते, हे आम्ही कसे मानावे? सात लाख कोटींत वनमजुराच्या पगाराने महसुली तूट वाढते काय? आणि हे एका पक्षाचे पाप आहे असेही कोणी समजू नये. 2020 ला आघाडीचे सरकार होते, 2025 ला महायुतीचे. खुर्च्या बदलल्या, कात्री तीच.

हेमलकशाचे नाव या सगळ्यात मुद्दाम घ्यावे लागते. 23 डिसेंबर 1973 ला बाबा आमटे यांनी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांच्या त्रिवेणीजवळच्या या रानात तेव्हा ना वीज होती ना रस्ता. शिकारीहून परतणाऱ्या माडियांच्या हातात मेलेली माकडीण आणि तिला बिलगलेले जिवंत पिल्लू प्रकाशरावांनी पाहिले, ते मागून घेतले, आणि तिथून प्राण्यांच्या अनाथालयाला सुरुवात झाली, हे महाराष्ट्राला पाठ आहे. त्यापुढचे मात्र कोणी नीट वाचत नाही. प्रकाशरावांनी त्या माणसांना उपदेश केला नाही. भूक आहे म्हणून शिकार आहे, हे त्यांनी ओळखले. दवाखाना आला, शाळा आली, शेतीचे बियाणे आले, आणि रानातले पोरके पिल्लू खाण्याऐवजी लोक ते आमट्यांकडे आणून देऊ लागले. वन्यजीव संवर्धनाचा खर्च म्हणजे काय, हे हेमलकशाने पन्नास वर्षांपूर्वी दाखवून दिले. तो खर्च पिंजऱ्यावर कमी आणि तांदूळ, औषध, शिक्षण यांवर जास्त होतो. म्हणूनच 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी आदिवासी विकास विभागाचे 335 कोटी 70 लाख रुपये जे वळवले गेले, ती आमच्या लेखी जंगलाच्या निधीचीही कपात होती. बहिणींना पैसे द्या, पण भामरागडच्या बहिणीच्या लेकराच्या ताटातून काढून देऊ नका!

आमटे कुटुंबाने हे देणग्यांवर केले. 2008 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा मंत्र्यांनी हार घातले, फोटो काढले. पण देणगीवर चालणारे एक अनाथालय हे सरकारच्या कर्तव्यावरचे पांघरूण होऊ शकत नाही. पुण्या-मुंबईचा मध्यमवर्ग वर्षाला एक धनादेश पाठवतो, सुट्टीत बिबट्या पाहून येतो आणि जंगलाचे काम झाले असे मानतो, ही त्या धनादेशामागची आत्मवंचना आहे. (तो धनादेश थांबवू नका, एवढे सांगून पुढे जातो.) भामरागड अभयारण्य हे 104 चौरस किलोमीटरचे सरकारी रान आहे. त्याची राखण देणगीवर होत नाही, होऊही नये.

कोणी म्हणेल, ताडोबा बघा, स्वतःच्या पायावर उभा आहे. आहे खरा. तिथे वाघ दिसतो, जिप्सी धावतात, गेटवर पैसा गोळा होतो आणि त्याचा काही भाग गावांपर्यंतही जातो. पण सिरोंचा वनविभागातल्या कोलामार्कात राज्यातल्या शेवटच्या रानम्हशी आहेत, 2013 मध्ये त्या रानाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, आणि तिथे एकही जिप्सी धावत नाही. 2021 च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला आणि मुक्कामालाच राहिला. रात्री धानाच्या बांधीत शिरणाऱ्या हत्तीसमोर मशाल घेऊन उभा राहणारा माणूस कोणत्या पर्यटकाकडून तिकीट घेणार? जे रान पाहायला कोणी येत नाही, त्याला पैसा नाही, हा नियम लावला तर राज्यातले सर्वांत दाट जंगल सर्वांत आधी उपाशी मरेल.

ग्रामसभांचेही तेच. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूचा वाहतूक परवाना द्यायला खुद्द केंद्रीय मंत्र्यांना गावात यावे लागले. मग गावामागून गावांना दावे मंजूर झाले. हक्क दिला, छान केले, टाळ्या घेतल्या. त्या जंगलाच्या व्यवस्थापन आराखड्याला लागणारा पैसा? त्यासाठी पुन्हा फाइल, पुन्हा अभिसरण समिती, पुन्हा पुढच्या वर्षी. काही गावांनी पिढ्यान्पिढ्या जंगल फुकट राखले म्हणून सगळ्यांनीच ते कायम फुकट राखावे, असा सरकारचा समज दिसतो.

आमच्या मागण्या भिकेच्या नाहीत. वणव्याच्या हंगामाचा पैसा 1 फेब्रुवारीच्या आत खाली पोहोचला पाहिजे आणि तो 31 मार्चला परत ओढण्याऐवजी 15 जूनपर्यंत वापरू दिला पाहिजे. वित्त खात्याने मनावर घेतले तर एका शासन निर्णयाचे हे काम आहे. वित्त आयोगाकडून जंगलापोटी मिळणाऱ्या पैशाचा जिल्हावार हिशेब विधिमंडळाच्या पटलावर ठेवला पाहिजे. कॅम्पाचा पैसा नियमित तरतुदीच्या जागी घालण्याची लबाडी थांबली पाहिजे. खाणींच्या पैशावर उभ्या असलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या नियमांत पर्यावरण रक्षण हा अग्रक्रमाचा विषय आहे, तो विषय चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या वार्षिक आराखड्यात सभामंडप आणि स्वागत कमानींच्या खाली दडपला जाता कामा नये. आणि वनरक्षकांची रिकामी पदे भरा. या शेवटच्या मागणीवर वाद घालायला काही उरलेले नाही.

दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांना एक साधी विनंती. पुढच्या अधिवेशनात वन खात्याच्या मागण्या चर्चेविना आवाजी मतदानाने उरकल्या जातील, तेव्हा सभागृहात हजर राहा आणि उभे राहून मागच्या वर्षी तरतूद किती, वितरण किती, आणि ते कोणत्या तारखेला, एवढेच विचारा. वाचकांनी त्यांना हे तीन प्रश्न आजच पोस्टकार्डावर लिहून पाठवावेत. उत्तर कोणी द्यायचे, याबद्दल कसलाही घोळ नाही. 2025 च्या जानेवारीत गडचिरोलीचे पालकमंत्रिपद राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडे घेतले. जिल्ह्याचे पालकही तेच आणि मंत्रिमंडळाचे प्रमुखही तेच. पैसा कोणी अडवला असे विचारले तर बोट दाखवायला त्यांच्यापुढे दुसरे कोणीही नाही.